कामशेतला उडण्याआधी

मुलुंड, मुंबई

प्रिय पोरी,

शनिवारी पॅराग्लायडिंगचे इन्स्ट्रक्टर टेकडीवर असतील, पण बकलं तुझी तूच तपासणार आहेस, म्हणून हे पत्र.

आपण मुंबईकर पहाटेची गाडी धरतो, लोणावळ्याला उतरून पुण्याची लोकल, मग रिक्षा, मग एवढं ओझं पाठीवर घेऊन टेकडी. इतकं करून वारा वाकडा निघाला की तोंडात येतंच, ‘आलोच आहोत तर उडूया.’ असं वाटलं त्या दिवशी विंग, म्हणजे आपला कापडी पंख, पिशवीतून काढूच नकोस.

हेल्मेट सगळ्यात आधी, आणि हनुवटीचा पट्टा लगेच. मग पायांचे पट्टे, मग छातीचा. पायांचे पट्टे राहिले तर जमीन सुटताच माणूस हार्नेसमधून, म्हणजे पट्ट्यांच्या बैठकीतून, घसरतो, काखांवर लोंबकळतो आणि सीटवर परत चढता येत नाही. मुरलेले पायलटही यात गेले आहेत. बऱ्याच नव्या हार्नेसमध्ये छातीचं बकल पायांच्या पट्ट्यांना जोडलेलं असतं, तरी हाताने चाचपूनच बघ. हार्नेस विंगला जोडणाऱ्या कड्या, म्हणजे कॅराबिनर, बंद आहेत ना, आणीबाणीच्या रिझर्व्ह पॅराशूटच्या पिना जागेवर आहेत ना, हँडल हाताला लागतं ना? मग लाइन्स, म्हणजे विंगच्या दोऱ्या. कारवीच्या काड्या आणि कुसळी गवत त्यांत हमखास अडकतं. वर गेल्यावर ते निघत नाही. मध्येच कुणी ‘फोटो काढू का’ विचारलं तर उत्तर दे आणि पुन्हा हेल्मेटपासून सुरू कर. लोक हसतील. हसू देत.

वाऱ्याचं म्हणशील तर आपल्या विंगचा स्वतःचा वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटरच्या आसपास. टेकऑफला वारा २० च्या वर गेला, की तू बसून चहा प्यावास. आकड्यापेक्षा झोत बघ: १२ वरून एकदम २२ वर उसळणारा वारा एकसारख्या १८ पेक्षा वाईट.

वारा मंद असेल तर फॉरवर्ड लाँच, म्हणजे विंग पाठीमागे ठेवून पुढे पळत उडायचं. हातांनी विंग ओढायची नाही; छाती पुढे टाकायची आणि लाइन्स ताणल्या की चालतच राहायचं. विंग डोक्यावर आली की ए रायझर (लाइन्सना हार्नेसशी जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी पुढचे) सोड, हातातल्या दोऱ्यांनी ब्रेक हलका लाव म्हणजे ती पुढे झेपावणार नाही, आणि वर बघ. हे बघणं नवखे हमखास टाळतात, कारण समोर दरी दिसत असते. दुमडलेलं टोक, लाइनची गाठ, एका बाजूचा कल, यांतलं काहीही दिसलं तर दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढ आणि थांब. सगळं ठीक असेल तर पळ, आणि पाय हवेत गेले तरी पळतच राहा. घाईने सीटवर बसणारे पुन्हा जमिनीला लागतात, तेही बुडावर.

वारा बऱ्यापैकी जोराचा असेल तर रिव्हर्स, म्हणजे विंगकडे तोंड करून ती वर आणायची आणि मग फिरून पळायचं. विंगकडे तोंड करताना ज्या बाजूने वळलीस, त्याच्या उलट बाजूने परत फिरायचं. चुकलीस तर रायझरला पीळ घेऊन उडशील. याची सवय घरीच कर. खिडकीच्या ग्रिलला दोन्ही रायझर अडकव, हार्नेस घाल आणि वळत राहा, विचार न करता पाय योग्य बाजूला जाईपर्यंत. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. विंग मात्र सोसायटीच्या मैदानात किंवा चौपाटीवर उघडू नकोस. मुंबईत पॅराग्लायडरवर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, आणि जुहूला तर विमानतळ किनाऱ्याला लागूनच आहे.

थांबवलेलं लाँच फुकट गेलं असं आपल्याकडे काही पोरं मानतात. मी शिकवताना उलट मोजतो. तू शनिवारी तीन वेळा विंग वर आणून मुद्दाम पाडायचीस, टेकऑफच्या मागे सपाटीवर, कुणाच्या वाटेत न येता. ते नीट जमलं तरच चौथ्यांदा कडेला ये.

आणि हातमोजे नवे घे. तुझ्या जुन्यांची बोटं फाटली आहेत, वाऱ्यात लाइन तळहात कापते.

तुझा,
काका