क्लोजिंगची शिफ्ट नको, तयारीची मागा

पत्र : माझी मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे, वय १९. आम्ही पंचवटीत राहतो, तिचं कॉलेज कॉलेज रोडला. तिथल्याच एका डेझर्ट शॉपमध्ये तिला काम मिळतंय. वॉफल, आइस्क्रीम संडे, चीजकेक, कपकेक असं दुकान आहे. वेळ संध्याकाळी ५ ते रात्री ११, महिन्याचे २६ दिवस, पगार ९,००० रुपये. पुढे तिला स्वतःचं बेकरीचं काम सुरू करायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, काउंटरला उभं राहून आणि टेबलं पुसून काय शिकणार? अभ्यास मात्र जाईल. रात्री परत येताना बसचा भरवसा नाही, रिक्षाला शंभर रुपये जातील. हो म्हणू की नको? – एक आई, पंचवटी

उत्तर :

ताई, नमस्कार.

कामाला हो म्हणा, पण या वेळेला नाही. तुम्ही आणि तिचे बाबा दोघंही बरोबर आहात. तुम्ही कामाकडे पाहताय आणि ते त्या कामाच्या वेळेकडे.

आधी पैशांचं बघू. रोज सहा तास आणि २६ दिवस म्हणजे १५६ तास. ९,००० ला भागलं तर तासाला साधारण ५८ रुपये पडतात. पण ११ ला शटर खाली येतं तेव्हा काम संपलेलं नसतं. वॉफलचं मशीन गार होऊ द्यायचं आणि मग पुसायचं, स्कूप आणि भांडी धुवायची, उरलेले सॉस झाकून तारीख लावून फ्रिजमध्ये ठेवायचे, फरशी पुसायची, गल्ला मोजायचा. यात पाऊण तास सहज जातो आणि तो पगारात धरलेला नसतो. म्हणजे तास झाले १७५ च्या वर. रिक्षाचे २,६०० वजा केले की हातात ६,४०० उरतात, म्हणजे तासाला ३६-३७ रुपये. शिवाय घरी पोचायला बारा वाजणार आणि कॉमर्सची लेक्चरं सकाळी लवकर सुरू होणार. पहिले पंधरा दिवस ती उत्साहात ओढून नेईल. मग पहिलं लेक्चर बुडायला लागेल, आणि टर्म भरण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागतेच.

आणखी एक गोष्ट आहे. क्लोजिंगच्या शिफ्टला शिकायला सगळ्यात कमी मिळतं. गर्दीच्या वेळी नव्या मुलीला कोणी काही समजावून सांगत नाही. ऑर्डर घे, दे, पुस, एवढंच चालतं. दुकान ज्या कामावर उभं असतं ते गर्दीच्या आधी, दुपारी तीन ते सात या वेळात होतं. वॉफलचं बॅटर, क्रीम फेटणं, सॉस, फळं चिरणं, चीजकेकचे तुकडे करणं, आलेला माल तपासून लावणं हे सगळं तेव्हाचं. बेकरी काढायची असेल तर तिने या वेळेत तिथे असायला हवं.

म्हणून मालकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवा. मंगळवार आणि गुरुवार दुपारी ३ ते ७ तयारीची शिफ्ट, शनिवार-रविवार संध्याकाळी ४ ते ९. आठवड्याला १८ तास होतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार पूर्ण मोकळे. मालकांच्याही सोयीचं आहे, कारण कॉलेज रोडला खरी गर्दी शनिवार-रविवारीच उसळते आणि हात तेव्हाच कमी पडतात. महिन्याला साधारण ७८ तास झाले, त्याच दराने ४,५०० रुपये मिळतील. नऊला सुटली की बस मिळण्याची शक्यता जास्त. रोजच्या रिक्षाचा खर्च वाचला, तर हातात येणारी रक्कम पहिल्या हिशेबापेक्षा दोन हजारांनी कमी असेल, पण तास निम्म्याहून कमी असतील. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर जाऊ देऊ नका. सुट्टीत वाढवायचे असतील तर खुशाल वाढवा.

दराबद्दलही बोला. महाराष्ट्रात दुकानांसाठी किमान वेतन ठरलेलं आहे आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. कामगार विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहा. महिन्याच्या रकमेला २६ ने आणि मग ८ ने भागलं की तासाचा दर निघतो. देऊ केलेला पगार त्याच्या खाली असेल तर तसं स्पष्ट सांगा. शांतपणे, आकडा समोर ठेवून सांगितलं की ऐकतात.

परीक्षेचं बोलणं पहिल्याच दिवशी झालं पाहिजे, कारण या धंद्यात एक अडचण ठरलेली आहे. आइस्क्रीम आणि थंड डेझर्टचा सीझन म्हणजे एप्रिल-मे, आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही त्याच सुमारास. दिवाळीच्या मागेपुढे पहिल्या सत्राची परीक्षा, तेव्हा दुकानात गिफ्ट बॉक्सची धांदल. ऐन वेळी रजा मागितली तर मिळत नाही, आणि त्यात मालकाचा दुष्टपणा नसतो, त्याचा वर्षाचा गल्लाच त्या दिवसांत भरायचा असतो. म्हणून आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर असा निरोप पाठवून उत्तर घ्यावं: ‘सर, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे माझी वेळ मंगळ-गुरु ३ ते ७, शनि-रवि ४ ते ९. पगार तासाला अमुक रुपये, दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. परीक्षेच्या दहा दिवस आधीपासून शेवटच्या पेपरपर्यंत मी येणार नाही, वेळापत्रक लागलं की लगेच कळवेन. सोडायचं असेल तर पंधरा दिवस आधी सांगेन.’ समोरून ‘ओके’ आलं तरी पुरे.

रात्रीबद्दल कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही. तिने संमती दिली तर तिची सुरक्षितता आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय ही मालकाची जबाबदारी असते. मोजकी माणसं असलेल्या लहान दुकानांना या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी लागू होत नाहीत, म्हणून कायद्याच्या भरवशावर न राहता वेळच नऊपर्यंतची ठरवा. अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: अठरा वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामाला ठेवता येत नाही. तिथे प्रस्तावाचा प्रश्नच येत नाही.

दुकान कसं आहे हे कसं ओळखायचं? एका शनिवारी रात्री आठ-साडेआठला तुम्ही दोघं गिऱ्हाईक म्हणून जाऊन बसा. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर दर्शनी भागात आणि बिलावर आहे का पाहा. आइस्क्रीमचे स्कूप कशात बुडवून ठेवलेत ते बघा. साचलेल्या गढूळ पाण्यात तासन्‌तास पडलेला स्कूप दिसला तर आतली स्वच्छताही तशीच असणार. अंड्याचे आणि एगलेस पदार्थ वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या सुरीने देतात का? आपल्याकडे हा नुसत्या चवीचा प्रश्न नाही, गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा आहे. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस हा नियम आहे. मालकांनी आपणहून त्याचा विषय काढला तर दुकान चांगलं आहे असं समजा. मूळ गुणपत्रिका किंवा मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायला मागितलं तर मात्र उठून या. झेरॉक्स पुरते.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते, काय शिकणार? हे मी जरा सविस्तर सांगते, कारण शिकायचं काय हे ठाऊक नसेल तर वर्षभर उभं राहूनही काही हाती लागत नाही.

पहिली गोष्ट तापमान. आइस्क्रीमचा साठा उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवतात. काउंटरवरचं कॅबिनेट त्याहून थोडं उबदार, उणे १२ ते १४ च्या आसपास असतं, नाहीतर स्कूप आत जात नाही आणि मनगट दुखावतं. दिवसभर झाकण उघडं राहिलं की वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. पुन्हा गोठताना बर्फाचे कण मोठे होतात, म्हणून आइस्क्रीम कचकच लागतं. गिऱ्हाईक म्हणतं माल जुना आहे, पण माल ताजा असतो, हाताळणी चुकलेली असते. चीजकेक, क्रीम, कापलेली फळं, रबडी हे ५ अंशांखाली राहायला हवं. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा क्रीमचं भांडं ओट्यावर विसरलं की क्रीम बसलंच. तेलाधारित व्हिपिंग क्रीमचं पाकीट गोठलेलं येतं, ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यायचं, भांडंही गार करायचं, मग फेटायचं. फुगून तिपटीच्या आसपास होतं. टोक उभं राहिलं की थांबायचं. पुढे फेटत राहिलं तर ते दाणेदार होतं आणि मग पायपिंगला, म्हणजे कोनातून क्रीमची नक्षी काढताना, रेघ तुटते.

वॉफलमध्ये नव्या हाताची एक चूक ठरलेली आहे: मशीन उघडून बघणं. वाफ येणं जवळजवळ थांबेपर्यंत उघडायचं नाही. आधी उघडलं तर वरचा अर्धा भाग वरच्या पाट्याला आणि खालचा खालच्या पाट्याला चिकटून वॉफल मधून फाटतं. सकाळचं पहिलं वॉफल चिकटतं ते पाटा पुरता तापलेला नसतो म्हणून. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा. टूथपेस्ट नको, बर्फही नको.

दुसरी गोष्ट वजन, आणि इथे तिचं बी.कॉम. कामाला येतं. आपल्याकडच्या नियमानुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं. समजा चार लिटरचा डबा २,२०० ग्रॅम भरला. ६० ग्रॅमचा स्कूप ठरलेला असेल तर त्यातून ३६ स्कूप निघतात. हात सैल सुटून ७५ ग्रॅम जायला लागले तर २९. सात स्कूपची विक्री कुठे गेली हे मालकाला महिनाअखेरीलाही कळत नाही. तिने एक वही करावी. आलेला माल, विकलेला, टाकून दिलेला, आणि टाकण्याचं कारण. आठवड्यात किती चीजकेकचे तुकडे तारीख उलटून फेकले आणि ते कोणत्या दिवशी जास्त केले होते, हे तीन महिने लिहिलं तर कॉस्टिंगचा जो धडा वर्गात आकड्यांपुरता राहतो तो तिला पाठ करावा लागणार नाही. लेबलही वाचायला शिकावं. आइस्क्रीमला दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते, वनस्पती तेलावर केलेलं असेल तर ते फ्रोझन डेझर्ट. किमतीतला फरक बराचसा तिथून येतो.

गल्ल्याचं थोडक्यात. यूपीआयची रक्कम गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा टिकमार्क पाहून धरायची नाही, दुकानाच्या साउंडबॉक्सवर किंवा अ‍ॅपमध्ये आली तरच. शिफ्टला लागताना गल्ल्यातली रोकड स्वतः मोजून लिहायची आणि सुटताना पुढच्या माणसासमोर मोजून द्यायची. तूट पगारातून कापली जाण्याचे वाद न मोजता घेतलेल्या गल्ल्यातूनच उभे राहतात.

पायांकडे दुर्लक्ष नको. पुढून बंद, न घसरणारे बूट घ्यायलाच हवेत. चप्पल घालून ओल्या फरशीवर पाच तास उभं राहिलं तर महिन्यात टाचा बोलायला लागतात.

काही ठिकाणी मुलांचं गणित हळूहळू बिघडतं: ‘आज एकजण आला नाही, जरा थांबशील?’ महिन्यातून दोनदा थांबावं, माणुसकी म्हणून. तिसऱ्यांदा ‘उद्या सकाळी टेस्ट आहे सर, आज नाही जमणार’ एवढंच म्हणायला तिला शिकवा, माफी न मागता. हे वाक्य तिने स्वतः म्हणायला हवं, तुम्ही फोन करून नाही.

तीन महिन्यांनी एकदा बसून बघा. हजेरी ७५ च्या वर आहे का, अंतर्गत परीक्षेचे गुण मागच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरलेत का, आणि तिला आतल्या तयारीला हात लावू देतात का. पहिल्या दोनपैकी एक जरी बिघडलं तर तास कमी करा. तिसरं ‘नाही’ असेल, म्हणजे तीन महिन्यांनंतरही ती फक्त ऑर्डर घेत असेल, तर पगार वाढवून दिला तरी दुसरं दुकान बघा. आणि एखादा विषय राहिला तर काम तिथेच थांबवायचं, हे आजच तिच्याशी ठरवून ठेवा.

मालकांनी वेळ बदलायला नकार दिला तर? मग नाही म्हणा. कॉलेजमध्ये विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना चालू आहे का ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. त्यात पैसे कमी मिळतात, पण काम कॉलेजातच आणि लेक्चर सांभाळून असतं. बेकरीचं शिक्षण मग उन्हाळ्याच्या सुट्टीत, परीक्षा संपल्यावर, एखाद्या बेकरीत पूर्णवेळ दीड महिना काम करून घेता येईल. सीझन असल्यामुळे तेव्हा नव्या माणसाला सहज घेतात. पदवीनंतर आयटीआयचा बेकर अँड कन्फेक्शनर हा एक वर्षाचा ट्रेडही आहे, आणि हातात अनुभव असलेल्या मुलीला तो जड जात नाही. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट असतात. हेच काम त्यात धरता येईल का, हे तिने कामाला लागण्याआधी कॉलेजच्या समन्वयकांना विचारावं. काम करून झाल्यावर विचारलं तर कागदपत्रं जुळत नाहीत.

आणि काम सोडताना अनुभवाचं पत्र घ्यावं. ‘आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, आणि कोणती कामं, म्हणजे तयारी, साठ्याची नोंद, रोख हिशेब, हे दुकानाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. मजकूर तिनेच लिहून न्यावा, मालक सही करतात.