ठशांवरून गणित बंद करावं का?

एका वडिलांचं पत्र: पंधरा वर्षांच्या मुलीची बोटांच्या ठशांवरून चाचणी करून घेतली. 'उजव्या मेंदूची, गणित झेपणार नाही' असा अहवाल आला. तिची चित्रकला उत्तम आहे. गणितात गुण घसरलेत, पण तिला विषय सोडायचा नाही. काय करावं?

नमस्कार,

तो अहवाल आधी बाजूला ठेवा. 'तिला विषय सोडायचा नाही' हे तुमचं वाक्य मला त्याहून मोलाचं वाटतं.

ठसे आईच्या पोटातच उमटतात आणि जन्मभर तसेच राहतात. मेंदूतल्या जोडण्या मात्र शिकता शिकता बदलतात. २००९ मधल्या एका प्रयोगात मोठ्या माणसांनी सहा आठवडे चेंडू झेलण्याचा खेळ शिकला, तर त्यांच्या मेंदूतल्या तंतूंमध्येही स्कॅनवर बदल दिसला. मग न बदलणाऱ्या ठशांवरून या जोडण्यांचं भाकीत करणार तरी कसं?

डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा, ही डाव्या-उजव्याची गोष्ट आली कुठून, तेही सांगते. अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) काही रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा कापावा लागे. मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना नजरेच्या डाव्या बाजूला एखादी वस्तू क्षणभर दाखवली. माहिती उजव्या अर्धगोलात पोचली, पण भाषेचं काम बहुतेकांत डावीकडे चालतं, त्यामुळे नाव काही सांगता येईना. डाव्या हातानं चाचपून मात्र तीच वस्तू ते बरोबर काढून देत! १९८१ साली स्पेरींना नोबेल मिळालं. लोकांच्या लक्षात राहिले ते 'दोन मेंदू'. दोन अर्धगोलांमधला हा पट्टा, म्हणजे पूल, तुटला की माहिती अडते, ही मोठी गोष्ट मागे पडली.

तुमच्या लेकीचा पूल शाबूत आहे. माणसाच्या मेंदूत या पुलात सुमारे २० कोटी तंतू असतात. आकृती बघून सिद्धता लिहिताना दोन्ही बाजूंची सतत देवाणघेवाण चालते. २०१३ मध्ये हजाराहून अधिक मेंदूंच्या जोडण्या तपासल्या गेल्या. काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे दिसलं, पण अख्खा मेंदूच डावा किंवा उजवा असलेली माणसं आढळली नाहीत.

म्हणून निर्णय लांबणीवर टाका. दोन महिने रोज अर्धा तास, जिथं ती अडते तिथूनच, आकृत्या काढत गणित करू दे. चित्र आणि गणित दोन्ही लागणारी वास्तुरचना, अ‍ॅनिमेशन, औद्योगिक डिझाइन ही क्षेत्रं तिला आत्ताच दाखवा.

तिच्या गेल्या दोन उत्तरपत्रिका पाठवा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.