पन्नाशीनंतर कालव्यावर माणसं मिळतील का?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेस्टरमध्ये चौदा वर्षं नोकरी करून, ब्रिटिश पासपोर्ट घेऊन तुम्ही दोघं पुण्याला परतलात. आता सासूबाई नाहीत, मुलगा बंगळूरला मार्गी लागलाय, तुम्ही ५१, मिस्टर ५६. नोकऱ्या सोडून इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट (कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) घेऊन राहायचं मनात आहे. पैसे, कागदपत्रं, आजारपण सगळं तुम्ही विचारलंय, पण खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: ‘या वयात तिथं माणसं मिळतील का?’ मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्याची उत्तरं कुणीही देईल.

मिळतात. आम्ही दोघांनी २०१९ साली रेडिंगमधल्या नोकऱ्या सोडल्या, तेव्हा मी ५० वर्षांची होते. त्याआधी अठरा वर्षं एकाच गल्लीत राहिलो आणि शेजारची चार घरं धड ओळखीची नव्हती. बोटीवर आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत जेवायला बोलवावं अशी माणसं झाली. याचं कारण इथली माणसं जास्त चांगली आहेत असं नाही. कारण इथलं काम आहे. ते दुसऱ्याच्या हातांशिवाय नीट होत नाही.

पहिल्याच वर्षी मे महिन्यात आम्ही वॉरिकहून बर्मिंगहॅमकडे निघालो. वाटेत हॅटनची चढण लागते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. इथे दोन मैलांच्या आतबाहेर २१ लॉक, बोट जवळजवळ दीडशे फूट वर चढते. हे लॉक १९३४ साली रुंद बांधून काढले, त्यामुळे सात फुटी दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. तळाच्या लॉकपाशी एक जोडपं चहा घेत बसलं होतं. आम्ही दिसताच बाई उठल्या आणि म्हणाल्या, “तुमचीच वाट बघत होतो.” ओळख ना पाळख! मला काही कळेना. मग नवऱ्यानं समजावलं, की लॉक भरायला एका बोटीला जेवढं पाणी लागतं तेवढंच दोन बोटींना. शिवाय कष्ट निम्मे होतात. म्हणून शहाणी माणसं जोडीदार येईपर्यंत थांबतात.

दोघं पुरुष आपापल्या बोटीच्या टिलरवर (बोट वळवायच्या दांड्यावर) थांबले, आम्ही दोघी विंडलस (फिरवायची लोखंडी किल्ली) घेऊन काठावर. तिथे पांढरे जाडजूड खांब आहेत, त्यांच्या आत पॅडल, म्हणजे पाणी सोडायची झडप, उचलायचं यंत्र. विंडलस लावून फिरवत राहायचं, खांबाच्या टोकातून एक दांडा हळूहळू वर येतो, आणि खाली पाणी घुसल्याचा आवाज सुरू होतो. खांद्याला रग लागते. पाणी दोन्हीकडे समपातळीत आलं नसेल तर दाराला हत्ती लावला तरी ते हलत नाही. आणि समपातळीत आलं, की दाराच्या लांब ओंडक्याला पाठ टेकून, पाय रोवून एकटी बाईसुद्धा ते उघडते. बाईंनी मला तेवढंच शिकवलं: “ढकलू नकोस, टेकून थांब.” एक जण मागची दारं बंद करणार, दुसरी पुढे चालत जाऊन पुढचं लॉक तयार ठेवणार, मग अदलाबदल. दहाव्या लॉकपर्यंत मला त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची आणि दुरावलेल्या बहिणीची गोष्ट माहीत झाली होती, त्यांना माझ्या आईच्या आजारपणाची. समोरासमोर बसून कदाचित बोललो नसतो. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतं, हे मी लहानपणी आजोळी शेंगा फोडायला बसलेल्या बायकांत पाहिलं होतं. वर पोचल्यावर मी डब्यातली थालीपिठं काढली. त्या जोडप्याशी आजही वर्षातून दोनदा आमची भेट होते.

आता याची दुसरी बाजू. तुम्ही बोट बांधायला कायमची जागा न घेता फिरत राहणार असाल, तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आजारपण, बर्फ, बंद पडलेलं लॉक अशी रास्त कारणं असतील तर कळवून मुदत मिळते, पण एरवी पुढे सरकावंच लागतं, आणि पुन्हा त्याच दोन पुलांच्या मध्ये येरझाऱ्या घालून चालत नाही. म्हणजे आज शेजारी मिळालेलं माणूस पंधरवड्यात निघून जातं. पहिलं वर्ष मला हे फार लागलं. एका जोडप्याशी इतकं सूत जमलं होतं, की ते उत्तरेला निघाले तेव्हा मी दिवसभर आत बसून राहिले. पुढे सवय झाली. हळूहळू लक्षात आलं, की कालवे मोजकेच आणि माणसंही तीच. वारीत जसं वर्षभरानं त्याच दिंडीतलं माणूस वाटेत भेटतं आणि गेल्या वर्षी जिथं बोलणं थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं, तसं इथं होतं. आडनाव बहुतेकांना माहीतच नसतं. बोटीचं नाव तेच आडनाव. आमची बोट ‘इंद्रायणी’, म्हणून आम्ही इंद्रायणीवाले.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही बोट काठाला बांधून बाजारात गेलो होतो. ओल्या मातीत ठोकलेल्या खुंट्या जोरात गेलेल्या कुठल्याशा बोटीच्या ओढीनं निघाल्या असाव्यात. परत आलो तर बोट जागेवर होती, पण आमच्या काळ्या दोराऐवजी पुढच्या बाजूला निळा दोर, खुंट्या वेगळ्या कोनात खोल ठोकलेल्या, आणि आमचा चिखलानं भरलेला दोर धुऊन छतावर नीट गुंडाळून ठेवलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. कुणी केलं हे आजवर कळलेलं नाही. तो निळा दोर अजून आमच्याकडे आहे. तेव्हापासून बांधलेल्या बोटीजवळून जाताना आम्ही इंजिन अगदी हळू करतो. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, पण बांधलेल्या बोटींपाशी तेवढाही वेग चालत नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हे पाळा. कालव्यावर नाव चांगलं व्हायला आणि खराब व्हायला हीच एक गोष्ट पुरते.

आणखी एक, हे मनापासून सांगते. काठावरचे सगळेच आपल्यासारखे हौसेनं निवृत्त झालेले नाहीत. लंडन, बाथ, ब्रिस्टलकडे कित्येक तरुण माणसं घरभाडं परवडत नाही म्हणून बोटीवर राहतात आणि सकाळी कामावर जातात. त्यांच्यापुढे ‘आम्ही सगळं सोडून मजेत फिरतोय’ हा सूर लावू नका. आमच्या बॅटऱ्या बसल्या तेव्हा भर पावसात वायरिंग तपासून देणारा मुलगा असाच एक होता. पैसे घेईना. पिठलं-भात मात्र दोन वाढप घेऊन जेवला.

आता व्यवहाराचं. तुम्हाला पासपोर्टची अडचण नाही. पण ज्या मैत्रिणीला बरोबर आणायचं म्हणता तिचा पासपोर्ट भारतीय असेल, तर तिला स्पष्ट सांगा, की निवृत्त होऊन इथं राहायला येण्याचा व्हिसा २००८ सालीच बंद झाला. ती पाहुणी म्हणून एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने येऊ शकते, कायमची राहू शकत नाही. तुम्ही परत कायमच्या राहायला आलात की एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, तुम्हाला लागू होते, आणि जीपीकडे (भागातल्या डॉक्टरकडे) नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. बँक आणि विमा कंपनी मात्र पत्ता मागतात. लेस्टरमधल्या कुणा जवळच्यांचा पत्ता टपालासाठी आधीच ठरवून ठेवा.

पेन्शनचं नीट बघा. खासगी पेन्शनला आज ५५ व्या वर्षी हात लावता येतो, एप्रिल २०२८ पासून ते वय ५७ होतंय. म्हणजे मिस्टरांची आत्ता उघडेल, तुमची तुम्ही ५७ च्या झाल्यावर. सरकारी पेन्शन तर तुम्हाला ६७ च्या आधी नाही, आणि पूर्ण मिळायला ३५ वर्षांची वर्गणी लागते. तुमची चौदा आहेत, त्या हिशेबानं मिळेल. तोवरची वर्षं स्वतःच्या शिलकीवर काढायची आहेत. वर्षाचा खर्च मांडताना डिझेल, कोळसा, गॅस, विमा, दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला डांबर लावणं, हे सगळं धरा. कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचं लायसन्सही आहेच, आणि कायमची जागा नसलेल्या बोटींना २०२४ पासून त्यावर जादा आकार लागतो. तो टप्प्याटप्प्यानं वाढतोय.

बोट ५७ फुटांपर्यंतचीच बघा. त्याहून लांब घेतलीत तर उत्तरेकडचे काही लॉक तुम्हाला बंद. आणि कितीही मनात भरली तरी पाण्याबाहेर काढून तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्हाला आवडलेली पहिली बोट आतून इतकी सुबक होती, की मी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. तळाचा पत्रा मोजला तर एका जागी चार मिलिमीटरपेक्षा कमी भरला. विमा कंपन्या तिथेच अडतात. सोडून दिली. बोट सुरक्षेचं प्रमाणपत्र दर चार वर्षांनी लागतं, पण त्यात तळाच्या पत्र्याची तपासणी नसते. खूप जण इथंच फसतात.

चालवायला परवाना लागत नाही. तरीही एक-दोन दिवसांचा हेल्म्समनचा, म्हणजे बोट चालवण्याचा, कोर्स दोघांनीही करा. एकट्या मिस्टरांनी नको. ते तापानं पडले तर बोट कोण हलवणार? लॉकमधून उतरताना मागच्या बाजूला पाण्याखाली एक दगडी पायरी असते, सिल म्हणतात तिला. बोटीचा मागचा भाग तिच्यावर टेकला तर पाणी उतरेल तशी बोट तिरकी होऊन बुडते. काठावर पांढरी खूण असते, बोट तिच्या पुढेच ठेवायची, आणि तेवढ्या वेळात कुणी गप्पा मारायला आलं तरी नजर हलवायची नाही. दुसरा धोका शेगडीतून सुटणाऱ्या विषारी वायूचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहेच, पण त्याचं बटण दाबून बघायची सवय लावा.

हिवाळ्याबद्दल गोड बोलत नाही. नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात, चार वाजता अंधार पडतो, टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेवर, चिखल. आणि आता उन्हाळाही भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये पाऊस नसल्यानं लीड्स–लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागला होता. पहिला हिवाळा एखाद्या मरीनात, म्हणजे बोटी उभ्या करायच्या धक्क्यावर, काढा, पण तिथं बोटीवर राहू देतात का हे आधी लेखी विचारा, सगळीकडे देत नाहीत. जानेवारीत कोळसा आणि डिझेल विकणारी बोट आली की सगळे बाहेर येतात, तोच आमचा बाजाराचा दिवस. फोडणीचा वास काठावर लांब जातो. माझ्या निम्म्या ओळखी ‘हे काय शिजतंय?’ या प्रश्नानं झाल्यात.

घर विकू नका, बोटही घेऊ नका, आधी एक आठवडा बोट भाड्यानं घ्या. जुलैत नको, हंगाम सुरू होतो त्या मार्चअखेरीस घ्या, गार वारा आणि पाऊस असताना. मध्य इंग्लंडमधल्या ब्रॉन्स्टन गावाच्या बाजूची बघा. आम्ही तेव्हा तिथेच असू. तिथे सहा लॉक आहेत, रुंद, दोन बोटी सहज मावतात. तारीख कळवा, तळाच्या लॉकपाशी तुमची वाट बघतो.