न्यू जर्सीच्या शाळेत मुलाला उच्चारांवरून, डब्यावरून छळतात. राज्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे जावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहावीत आहे, वर्गातली दोन-तीन मुलं त्याच्या उच्चारांची नक्कल करतात, डबा उघडला की नाक दाबतात, 'गो बॅक' म्हणतात. शाळा हे 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून झटकून टाकते. आणि डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या राज्याच्या विभागाकडे, गेलो तर एच-१बी व्हिसावर काही बालंट येईल का, ही धास्ती.

मी वकील नाही. एडिसनच्या बाजूला राहते आणि नव्यानं आलेल्या पालकांबरोबर शाळेच्या मीटिंगांना जाऊन बसते, त्यातून जे कळलं ते सांगते.

व्हिसाची धास्ती आधी डोक्यातून काढा. हा विभाग राज्याचा, ॲटर्नी जनरलच्या हाताखालचा. व्हिसा हा केंद्राचा विषय. ज्या कायद्याखाली तक्रार होते तो लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशन, म्हणजे एलएडी. तो १९४५ पासून आहे आणि तुमचं इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी संरक्षण देतो. वंश, धर्म, नॅशनल ओरिजिन, नॅशनॅलिटी हे सगळं त्यात नावानिशी आहे. तक्रार स्कूल डिस्ट्रिक्टविरुद्ध, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेविरुद्ध असते, तुमच्या कंपनीचा त्यात कुठेच संबंध येत नाही. तक्रार केली म्हणून शाळेनं मुलावर डूख धरला, तर तोही त्याच कायद्याचा वेगळा भंग ठरतो.

आता मुख्य मुद्दा. इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि बहुतेक पालक एकावर चालताना दुसऱ्याची मुदत घालवून बसतात.

पहिला रस्ता शाळेचा. २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या टायलर क्लेमेंटी या विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर राज्यात मोठा गदारोळ झाला आणि जानेवारी २०११ मध्ये अँटी-बुलिंग बिल ऑफ राइट्स कायदा झाला. शाळेत सगळे ज्याला 'एचआयबी' म्हणतात, हॅरासमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग, ते हेच. तक्रार आली की प्रिन्सिपलनं एका शालेय दिवसात चौकशी सुरू करायची, अँटी-बुलिंग स्पेशालिस्टनं ती लेखी तक्रारीपासून दहा शालेय दिवसांत संपवायची, मग अहवाल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटकडे, मग शाळा मंडळाकडे, म्हणजे बोर्डाकडे. निकाल पटला नाही तर पालक बोर्डापुढे बंद दाराआड सुनावणी मागू शकतात आणि तिथून पुढे राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील. कागदावर चोख आहे. मेख सुरुवातीलाच असते: प्रकरण एचआयबीत बसतच नाही, हे दोन मुलांमधलं कॉन्फ्लिक्ट आहे, असं ठरवून चौकशीच होत नाही. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय. तसं ठरवलं असेल तर ते लेखी मागा. त्या निर्णयाविरुद्धही दाद मागता येते.

दुसरा रस्ता डिव्हिजनचा. इथे प्रश्न बदलतो. कोणत्या मुलाला काय शिक्षा द्यायची हे डिव्हिजन ठरवत नाही. ती बघते की छळ कशावरून होत होता, शाळेला ते कळलं होतं का, आणि कळल्यावर शाळेनं ते थांबेल असं काही केलं का. चष्म्यावरून, लठ्ठपणावरून चिडवणं एचआयबीत बसू शकतं, डिव्हिजनकडे चालणार नाही. तिथे कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक लागतं. 'गो बॅक' आणि उच्चारांची नक्कल, दोन्ही त्यात बसतात.

हा नियम एका आईमुळे इतका स्पष्ट झाला. टॉम्स रिव्हर भागातल्या एका मुलाला चौथीपासून 'गे' म्हणून हिणवत होते. पुढे कॅफेटेरियात घेरणं, मारहाण, शेवटी त्यानं शाळाच सोडली. कोर्टाच्या कागदांत त्याचं नाव फक्त एल. डब्ल्यू. आईनं १९९९ मध्ये डिव्हिजनकडे तक्रार केली. शाळेनं काहीच केलं नाही असं नव्हतं, एकेका मुलाला बोलावून समज दिली जात होती. पण एकाला समज दिली की दुसरा सुरू. आधी सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशांनी तक्रार फेटाळली, डिव्हिजनच्या डायरेक्टरनं तो निष्कर्ष नाकारून मुलाला ५०,००० डॉलर भरपाई दिली, आणि २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: शाळेला छळ माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, आणि तरी तो थांबवण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत, तर डिस्ट्रिक्ट जबाबदार. त्याच निकालात हेही आहे की एखाद-दुसऱ्या टोमण्यावर खटला उभा राहत नाही. त्याच वयाच्या, त्याच परिस्थितीतल्या मुलाला शाळा नकोशी वाटावी इतका तो गंभीर किंवा सततचा असावा लागतो.

म्हणून 'शाळेला माहीत होतं' हे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे हवा. आपली माणसं पिकअपच्या वेळी टीचरशी दोन मिनिटं बोलतात, गायडन्स काउन्सेलरला फोन करतात, सगळे गोड बोलतात, आणि चार महिन्यांनी दाखवायला काहीच नसतं. तोंडी बोलणं झालं तरी त्याच संध्याकाळी ईमेल टाका. राज्याचा एचआयबीचा ठरलेला फॉर्मही आता डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतो, तो भरा. ईमेलमध्ये 'माय सन इज बीइंग बुलीड' एवढंच लिहून भागत नाही. असं लिहा: मंगळवारी लंचला, खिडकीजवळच्या टेबलावर, अमुकनं डब्यातल्या भेंडीच्या भाजीकडे बघून नाक दाबलं, तमुक म्हणाला 'गो बॅक टू इंडिया', लंच एड (जेवणाच्या वेळी लक्ष ठेवणारी बाई) दोन टेबलं पलीकडे होती, आधी हेच बसमध्ये झालं होतं आणि त्याबद्दल मी अमुक तारखेला कळवलं होतं. शेवटी एक वाक्य नक्की घाला, की हे आमच्या वंशामुळे आणि नॅशनल ओरिजिनमुळे होतंय असं आम्हाला वाटतं. ते वाक्य गेलं की नुसतं 'मुलांचं भांडण' म्हणणं शाळेला जड जातं. मुलाचे शब्द त्यानं सांगितले तसेच लिहा, सुधारू नका. पोट दुखतं म्हणून घरी राहिला असेल तर तो दिवस, डॉक्टरांची चिठ्ठी, घसरलेले मार्क, सगळं जपून ठेवा.

डिव्हिजनकडे जायची मुदत: घटनेपासून १८० दिवस, तेही कॅलेंडरचे. शाळेची चौकशी चालू आहे, बोर्डाची सुनावणी व्हायचीय, म्हणून हे घड्याळ थांबत नाही. शाळेनं हो म्हणेपर्यंत वाट बघायची गरज नाही, दोन्ही एकत्र चालू शकतात. कोर्टात जायला दोन वर्षं मिळतात, पण तो वकिलाचा आणि पैशाचा मामला. डिव्हिजनकडे फी नाही, वकील लागत नाही, सुरुवात ऑनलाइन पोर्टलवरून होते. एकदा डिव्हिजनचा अंतिम निर्णय झाला की तेच प्रकरण घेऊन कोर्टात जाता येत नाही, त्यामुळे वकिलाचा सल्ला घ्यायचा असेल तर आधीच घ्या.

तक्रार दाखल झाली की शाळेला उत्तर द्यावं लागतं. मीडिएशन, म्हणजे मध्यस्थी सुचवतात; दोघांची तयारी असेल तर मला तोच मार्ग बरा वाटतो, कारण तुम्हाला पैसे नकोत, त्रास थांबायला हवाय. लंचला कोण लक्ष ठेवणार, बसमध्ये कुणाची जागा कुठे, स्टाफला ट्रेनिंग कधी, असं तिथे लिहून घेता येतं. जमलं नाही तर तपास. तपास करणारा माणूस तुमचा वकील नसतो, तो शाळेचीही बाजू ऐकतो. त्यानं कठीण प्रश्न विचारले तर राग मानू नका. तथ्य दिसलं तर 'प्रॉबेबल कॉज' (तक्रारीला आधार आहे) असा निष्कर्ष, मग तडजोड किंवा न्यायाधीशापुढे सुनावणी. हे सगळं सावकाश चालतं. याच वर्षात निकाल लागेल या आशेवर राहू नका.

कुणी केंद्राच्या शिक्षण खात्याच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे जा म्हणेल. तोही पर्याय आहे, पण मार्च २०२५ मध्ये त्यांनी निम्म्याहून जास्त प्रादेशिक कार्यालयं बंद करायचं ठरवलं, त्यात न्यूयॉर्कचंही आहे. माझा भर राज्यावरच असेल.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. इकडे उच्चारांवरून चिडवणारी मुलं बऱ्याचदा आपलीच असतात, इथे जन्मलेली. नव्यानं आलेल्याला 'फॉब' (फ्रेश ऑफ द बोट, नुकताच बोटीतून उतरलेला) म्हणून हिणवतात आणि आईबाप ते हसून सोडून देतात. छळणाराही भारतीयच आहे, एवढ्यावरून शाळेची जबाबदारी संपत नाही. आपापसातला भेदभावही या विभागांच्या कक्षेत येऊ शकतो. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अशाच विभागानं एका दलित इंजिनिअरच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. दोन वरिष्ठांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा तेव्हा चालू ठेवला.

शेजारचे मराठी काका-काकू 'कशाला वाद, डोकं खाली घालून शिकू दे' म्हणतील. त्यांनाही बोल लावू नका. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' (डॉट म्हणजे टिकली) नावानं भारतीयांना धमकावणारी, मारहाण करणारी टोळी होती, त्या दिवसांतून आलेली माणसं आहेत ती. पण शाळांसाठी तेव्हा नव्हते ते नियम आज आहेत.

मुलाला तपासात बोलावं लागेल का? बहुधा हो, त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून हवं असतं. त्याला आधी विचारा, पढवू मात्र नका. त्यानं नाही म्हटलं, तर निदान शाळेचा फॉर्म याच आठवड्यात भरून टाका आणि शेवटच्या घटनेची तारीख कॅलेंडरवर मांडून १८० दिवस मोजून ठेवा.