बधिर करणारं क्रीम लावूनही सुई दुखते, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ६ वर्षांची, थॅलेसेमियामुळे दर ३ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, सुईआधी लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम लावता, तरी ती रडते. क्रीम कुचकामी आहे का, आणि औषध कातडीतून लवकर आत जावं म्हणून काही करता येतं का?

मी डॉक्टर नाही. एम. फार्म. केलंय, आणि माझा प्रबंध नेमका यावरच होता. म्हणून आधी मीच तुम्हाला विचारतो: क्रीम लावल्यावर थांबता किती वेळ? वॉर्डात पोचल्यावर लावत असाल आणि सिस्टर पंधरा मिनिटांत सुई घेऊन येत असतील, तर क्रीमला दोष देऊ नका. ते अजून वरच आहे.

आमच्या प्रयोगशाळेत हे रोज दिसायचं. खाटकाकडून डुकराचे कान आणायचे (ती कातडी माणसाच्या कातडीशी बरीच जुळते, घरी काय करतोस हे सांगायची मात्र चोरी), कातडी सोलून काचेच्या दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवायची, वर मलम, खाली ३२ अंशांचं खारं पाणी. दर अर्ध्या तासाने खालचं थोडं पाणी काढून औषध किती उतरलं ते मोजायचं. पहिल्या नमुन्यात बहुतेक वेळा शून्य. माझे गाईड म्हणायचे, ‘घाई तुला आहे, कातडीला नाही.’

अडवणारा थर जेमतेम १५-२० मायक्रॉनचा, वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटींत चरबीचा गिलावा. औषधाला त्या गिलाव्यातूनच वाट काढावी लागते, म्हणून ते तेलात मिसळणारं हवं. विद्युतभार असलेला रेणू तिथे अडतो. लघवीची नळी घालताना वापरतात ती लिडोकेनची पारदर्शक जेली हातावर चोळून उपयोग होत नाही तो यामुळेच. तिच्यात औषध क्षाराच्या रूपात, म्हणजे भारित असतं. शरीराच्या आतल्या ओल्या नाजूक आवरणावर ती काही मिनिटांत काम करते, धड कातडीवर जवळजवळ नाही. तुमच्याकडे चुकून ती जेली तर नाही ना, हे ट्यूबवर बघून घ्या.

मग नुसतं लिडोकेन तेलात विरघळवून लावलं तर? तेही करून झालंय. तेलाच्या थेंबात ते २० टक्क्यांच्या आसपासच मावतं. यावरचा तोडगा १९८०च्या सुमारास स्वीडनमधल्या आस्त्रा कंपनीत निघाला, आणि तो आपल्या आजीच्या फडताळातल्या अमृतधारेसारखा आहे. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल, तिन्ही कोरडे खडे; एका बाटलीत घालून हलवले की पाणी होतात. लिडोकेन ६८ अंशांना वितळतं, प्रिलोकेन ३८ला. दोन्ही समान मिसळली की मिश्रण १८ अंशांनाच पातळ होतं. म्हणजे औषध स्वतःच तेल झालं, वेगळं तेल घालायची गरज उरली नाही. क्रीममध्ये औषध एकूण ५ टक्केच, बाकी बहुतेक पाणी; पण त्या पाण्यात तरंगणाऱ्या प्रत्येक बारीक तेलकट थेंबात ८० टक्के. आत ढकलणारा जोर त्या थेंबातल्या दाटपणातून येतो. मला आजही ही युक्ती या विषयातली सगळ्यात देखणी वाटते.

एवढं करूनही वेळ लागतोच. ६० मिनिटांत बधिरपणा साधारण ३ मिमी खोल जातो, १२० मिनिटांत ५ मिमी. त्यामुळे क्रीम घरून निघतानाच लावा. चोळून जिरवू नका. जाड गोळा ठेवा आणि वर चिकटणारी पारदर्शक पट्टी किंवा स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म लावून बंद करा. झाकल्याने कातडी घामाने ओलसर होते, गिलावा सैल पडतो. उघडं ठेवलेलं क्रीम निम्मं फ्रॉकलाच लागतं.

लवकर होणारे उपाय आहेत, पण सगळे आपल्याकडे सहज मिळत नाहीत. टेट्राकेनचं जेल ३०-४५ मिनिटांत काम करतं. अमेरिकेत २००५ साली स्वतः गरम होणारी लिडोकेन-टेट्राकेनची पट्टी मंजूर झाली, ती २०-३० मिनिटांत. सौम्य विजेने औषध ढकलायची पद्धत तर दहा मिनिटांची. गंमत म्हणजे तिथे तोच विद्युतभार कामाला येतो जो एरवी आडवा येतो. मात्र हे वाचून क्रीमवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने किती औषध रक्तात जाईल याचा अंदाज राहत नाही.

हे गंभीरपणे सांगतोय. अमेरिकेत लेझरने केस काढण्याआधी तीव्र बधिर क्रीम पायभर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या. २००७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. १० किलोवरच्या १ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी कमाल मर्यादा १० ग्रॅम, दहा बाय दहा सेंमीची जागा आणि ४ तास अशी आहे. तुम्हाला एका जागी १-२ ग्रॅम पुरे. शिवाय प्रिलोकेनमुळे क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते. मुलीला सल्फाची औषधं चालू असतील किंवा जी-६-पीडीची (लाल रक्तपेशींतल्या एका विकराची) कमतरता असेल, तर तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

आणखी एक. या क्रीमने कातडी पांढुरकी पडते, शिरा आकसतात, आणि मग ‘शीर सापडत नाही’ म्हणून दोनदा टोचलं जातं. पुसल्यावर दहाएक मिनिटं जाऊ द्या. बधिरपणा तासभर तरी टिकतो, घाबरू नका. आणि या वेळी सुई काढतानाच सिस्टरना विचारून ठेवा की पुढच्या खेपेला कोणती शीर धरणार. त्या दोन जागा सांगतील. दोन्हींवर लावून न्या.