रात्री साडेनऊला म्हशीला पाणी

"ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. परवा रात्री मोबाइलवर चार्ली चॅप्लिनचा 'द किड' लावून दिला. ते पोरगं दगड मारून काचा फोडतं आणि मागून चार्ली काचा बसवायला येतो, तिथं पोट धरून हसला. पण अनाथाश्रमवाले लेकराला गाडीत घालून नेतात तिथं जो रडायला लागला, तो थांबेना. तेवढ्यात आमचे मालक उठून म्हशीला पाणी पाजायला गेले. साडेनऊ वाजले असतील. आल्यावर म्हणाले, असलं दाखवून पोरगं नाजूक होईल. सासूबाईंचंही तेच. यांचं लहानपण आजीपाशी गेलं, सासू-सासरे ऊसतोडीला जायचे, म्हणून स्वभाव जरा कडक आहे. असले सिनेमे बंद करू का?"
– एक आई, बीड जिल्हा

पोराचं राहू द्या, त्याला काही झालेलं नाही. मला आधी म्हशीचं सांगा. रात्री साडेनऊला कोणती म्हैस पाणी मागते? धारा, वैरण, पाणी सगळं दिवस मावळतानाच उरकतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि पाणी पाजायला गेलेला माणूस किती वेळानं आला, ते काही तुम्ही लिहिलं नाही.

दिवाळीच्या आगंमागं मुकादमाचा ट्रक गावात येतो. पातेली, पीठ, कोयते वर चढतात, मग माणसं. शाळेचं लेकरू आजीचा पदर धरून खाली. सिनेमात लेकरू गाडीत आणि बाप खाली. तुमच्या घरात आईबाप गाडीत आणि लेकरू खाली. पसरलेले हात तेच. आणि तुम्ही लिहिता, स्वभाव जरा कडक!

चॅप्लिननं हे हवेतून काढलेलं नाही. सिनेमा १९२१ चा. १९१९ मध्ये त्याचं पहिलं बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं होतं. त्याच्याही आधी, सात वर्षांचा असताना, गरिबीपायी तो लंडनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवायच्या जागी, गेला आणि तिथं आईपासून तुटला. (तरी त्या काचांच्या प्रसंगाला मी अजून हसते.)

तुमचे मालक नेमके गाडी निघाली तिथं उठले. म्हणजे पुढचं त्यांनी पाहिलंच नाही. तो फाटका माणूस छपरांवरून धावत सुटतो, चालत्या गाडीत उडी घेतो, लेकराला उराशी धरतो. त्याचे ओठ थरथरत असतात.

येत्या रविवारी तोच सिनेमा परत लावा. म्हशीला आधीच पाणी पाजून घ्या. सासूबाईंनाही बसवा, त्या ट्रकमध्ये त्याही होत्या. मध्ये एक शब्द बोलू नका. आणि गाडीच्या प्रसंगाला मालक उठायला लागले, तर चहाचं निमित्त करून तुम्हीच आधी उठा आणि जाताना पोराला त्यांच्या मांडीवर ठेवून जा.