आईच्या हातची चव गेली कुठे?

‘आई हल्ली स्वयंपाकात मीठ जास्त टाकते. सांगायला गेलं तर चिडते. हट्ट म्हणायचा, की विसरायला लागली?’ सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांबद्दल हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो.

एका मुलाने तर स्मृतिभ्रंशच आहे असं ठरवून आईला आणलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) काकू ७२ वर्षांच्या. तारीख, वार, नातवाच्या परीक्षेचं वेळापत्रक, सगळं तोंडपाठ. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. ‘आयुष्यभर माझ्या हातचं खाऊन बोटं चाटली, आता अर्धं ताटात टाकून उठतात. मला सगळं पाणचट लागतं आणि हे म्हणतात खारट. मग खोटं कोण बोलतंय?’

मी लिंबाच्या स्वादाच्या गोळ्या पुढे केल्या. दोघांनी नाक चिमटीत धरून एकेक चघळायची. ‘गोड, जराशी आंबट,’ दोघंही म्हणाले. ‘आता नाक सोडा.’ मुलगा एकदम म्हणाला, ‘अरे, लिंबू!’ काकूंनी गोळी बराच वेळ तोंडात घोळवली. ‘गोडच तर आहे.’ मग मुलाकडे वळून, ‘तुला खरंच लिंबू लागलं?’

मुलाला काय बोलावं सुचेना. आई मुद्दाम करत नाही, हे त्याला तिथेच कळलं असावं.

जीभ गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये असते तशी रसदार चव) एवढंच सांगते. बाकीचा स्वाद म्हणजे घशामागून नाकात चढणारा वास. वयाबरोबर जिभेपेक्षा जास्त मार खातं ते नाक. वासाच्या क्षमतेवर संशोधन करणारे रिचर्ड डॉटी यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची वास ओळखण्याची क्षमता बरीच घटलेली आढळली. ऐंशीपुढे तर चारांतल्या तिघांची. हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं त्याला उमगत नाही. जेवणात राम उरला नाही, एवढंच जाणवतं. मग मीठ वाढतं, साखर वाढते. तिखटही वाढतं, कारण ती चव नव्हेच, जळजळ आहे. ती वेगळ्या नसेने मेंदूला पोचते.

पण सगळं वयाच्या नावावर खपवू नये, असं माझं ठाम मत आहे. काकू शिंकांसाठी अ‍ॅलर्जीची एक जुन्या पिढीतली गोळी बरेच महिने घेत होत्या. तिने तोंड कोरडं पडतं, आणि अन्न लाळेत विरघळल्याशिवाय चव कळत नाही. डॉक्टरांनी ती बदलून दिली. काही औषधांनी तोंडाला धातूसारखी चव येते. टाळू झाकणारी कवळी, हिरड्यांचे आजार, झिंकची कमतरता हीही कारणं असतात. मात्र औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. वास किंवा चव अचानक गेली, वजन उतरायला लागलं, तर थांबू नये. वास कमी होणं हे कधी कधी पार्किन्सन (कंपवात) किंवा स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या अल्झायमरचंही सुरुवातीचं लक्षण असतं. म्हणून मुलाची शंका हसण्यावारी न नेता स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली. ती ठीक निघाली.

घरात काय बदललं? मीठ आता अंदाजाने नाही, चमच्याने मोजून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. काकूंना रक्तदाब आहे, त्यामुळे हे टाळण्यासारखं नव्हतंच. त्यांच्या ताटात वरून थोडा आंबटपणा, काहीतरी कुरकुरीत. खरी अडचण आली ती चव बघायला दुसरं कुणी हवं म्हटल्यावर. ‘माझ्या स्वयंपाकाला पास-नापास कोण करणार?’ मुलगा नको, सून तर नकोच. शेवटी नातवावर तडजोड झाली.

गॅसगळती किंवा खराब झालेलं अन्न त्यांना वासावरून कळेल याचा भरवसा नाही, म्हणून गळती होताच वाजणारं यंत्र बसवायला आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहायला सांगितलं. यंत्र लगेच बसलं. तारखा काकूंना अजून पटलेल्या नाहीत. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं आहे.